मोकळी जमीन

मशीनच्या करवतीचा आवाज आला तेव्हा आम्ही सगळ्याजणी पिशव्यांत माती भरत बसलो होतो. अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, हातातली पिशवी तशीच धरून म्हणाली, "कुणाच्या घराचं काम निघालं?" आमच्याकडे घर बांधायला काढलं की एखादं ऐनाचं नाहीतर किंजळाचं झाड पाडतात, थोड्या वेळात आवाज थांबतो. हा थांबला नाही. जेवायची वेळ झाली तरी वरच्या माळावरून तो येतच होता, आणि मधूनच काहीतरी जड खाली आदळल्याचं पायांना कळत होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कोंडाळं हे आमचं गाव. खाली ओढ्याकाठी भाताची खाचरं, त्यावर घरं, आणि घरांमागची चढण चढून गेलं की माळ. तो माळ आम्हा चाळक्यांचा, म्हणजे कागदोपत्री थोरल्या भावजींचा, हणमंतरावांचा. माझे मालक वारले तेव्हा वाटणीचा विषय कुणी काढला नाही. भावजींनी विहिरीजवळचा एक तुकडा मला वापरायला दिला आणि त्यावर आम्ही बचत गटाच्या बायकांनी रोपवाटिका सुरू केली. जमीन त्यांची, पाणी त्यांचं, राबणूक आमची.

त्या साली आम्हाला पहिल्यांदा मोठं काम मिळालं होतं. पुण्याची एक कंपनी आमच्या माळावर जंगल उभं करणार होती. तीस वर्षं माळ त्यांच्याकडे राहणार, भावजींना दरसाल एकरी भाडं मिळणार, आणि लागतील ती सगळी रोपं आमच्याकडून घेतली जाणार. जांभूळ, हिरडा, करंज, शिवण. गावात बायकांच्या हाताला एवढं काम कधी मिळालं नव्हतं. मी तर हरखून गेले होते. जांभळाच्या बिया मी स्वतः माळावर जाऊन वेचून आणल्या होत्या. बरोबर धोंडूबाई होती.

धोंडूबाई येडगे ही गवळी धनगराची म्हातारी. नवरा गेलेला, लेकी लांब दिलेल्या. माळावर कुडाच्या खोपटात दोन म्हशींबरोबर ती एकटी राहायची. माझ्या सासऱ्यांनी तिच्या सासऱ्याला कधीकाळी शब्द दिला होता, की माळ तुम्ही कसा, झाडं राखा, हिरडा वेचा, आणि सुगीला आमच्या घरी नाचणीचा वाटा पोचवा. तेवढ्या शब्दावर दोन पिढ्या गेल्या. उतारावर ती नाचणी आणि वरी करायची. मधल्या बांधांवर आणि कडेच्या घळीत जांभळं, हिरडे, ऐन असे वाढले होते, की भर उन्हात तिथं गेलं तरी अंगावर शहारा यावा.

मी माळावर गेले तेव्हा घळीतलं पहिलं मोठं जांभूळ पडलेलं होतं. ते फुलावर आलं होतं. झाड आडवं झालं तरी मधमाश्या अजून फुलांवर घोंघावत होत्या, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चारपाच परकी माणसं कोयत्यानं फांद्या सवळत होती आणि धोंडूबाई म्हशीचं दावं हातात धरून बाजूला उभी होती. मला बघून ती म्हणाली, "मालन, तुझ्या भावजीला इचार की काय झालंय. मला कुणी बोलंना."

भावजी एका ओंडक्यावर बसून पान जुळवत होते. मी विचारलं तर म्हणाले, "झाडं म्हातारी झाली होती. ठेकेदार बरा भाव देतोय."

"पण भावजी, इथंच जंगल करायचंय ना? मग हाय ते कशाला तोडायचं?"

"गाडीरस्ता काढायचाय."

"सगळ्या माळावर?"

त्यांनी पान तोंडात टाकलं आणि चुन्याचं बोट पडलेल्या जांभळाच्या बुंध्याला पुसलं. ते पांढरं बोट मला अजून दिसतं. "तू रोपं बघ," ते म्हणाले, "माळाचं मी बघतो." मग धोंडूबाईकडे मान न वळवताच त्यांनी सांगितलं, की यंदा नाचणी करू नकोस, आणि खोपटही उन्हाळ्यातच हलव, पाऊस लागल्यावर तुझेच हाल होतील. तिच्यावर उपकार करत असल्यासारखं.

धोंडूबाईनं विचारलं, "कुठं हलवू?"

ठेकेदाराच्या माणसानं करवत पुन्हा चालू केली आणि पुढचं बोलणं त्यात बुडालं.

पुढचे काही दिवस तो आवाज रोज होता. ट्रकामागून ट्रक लाकूड घेऊन खाली उतरत होते. रस्त्यावर सालींचा कचरा पडला होता आणि ओल्या लाकडाचा आंबूस वास घराघरांत शिरला होता. आम्ही खाली रोपांना पाणी घालत होतो. बायका आपसांत कुजबुजायच्या, पण कुणाचा नवरा ठेकेदाराकडे फांद्या सवळायला जात होता, कुणाला चुलीला सरपण फुकट मिळत होतं. अक्का तर काहीच बोलायची नाही. भावजींच्या विरोधात एक अक्षर काढायची तिची कधी प्राज्ञा नव्हती. मी भावजींना परत विचारायला गेले तर त्यांनी मला बसही म्हटलं नाही.

मग रोपं पाहायला कंपनीचे साठ्ये साहेब आले. निनाद साठ्ये त्यांचं नाव. तिशीतला, गोरा, बोलायला अतिशय गोड माणूस. मला ताई म्हणायचा. आल्याबरोबर चपला काढून रोपवाटिकेत शिरला, एकेका वाफ्याजवळ उकिडवा बसला, जांभळाची रोपं हातानं गोंजारली आणि म्हणाला, की ताई, एवढी निरोगी रोपं मी सरकारी नर्सरीतही बघितली नाहीत. दुसऱ्या एखाद्या दिवशी मला त्याचं फार बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "साहेब, या रोपांची आई वर तोडून टाकलीय. तुम्हाला ठाऊक आहे का?"

त्याला वाटलं मी गमतीनं म्हणते. मग माझ्या तोंडाकडे बघून तो गंभीर झाला. आम्ही जाळीच्या सावलीत बसलो. अक्कानं चहा आणून ठेवला आणि ती तिथंच मागं उभी राहिली. साठ्येनं मला सगळं नीट समजावून सांगितलं. त्याच्या समजावण्यात काही खोट नव्हती, आणि तेच मला नंतर फार किळसवाणं वाटलं.

तो म्हणाला, की बाहेर देशात मोठमोठे कारखाने आहेत, विमानकंपन्या आहेत. त्यांचा धूर हवेत जातो. तो त्यांना बंद करता येत नाही, म्हणून ते दुसरीकडे पैसे देऊन झाडं लावून घेतात. झाड वाढतं तसा तो धूर आपल्या खोडात धरून ठेवतं. किती धरला याचं मोजमाप होतं, आणि तेवढ्याचे पैसे मिळतात. त्यातलंच भाडं हणमंतरावांना, त्यातलेच पैसे तुमच्या रोपांना.

"मग जुनी झाडं धूर धरत नव्हती?" मी विचारलं.

"धरत होती ना. भरपूर धरत होती. पण ती आधीपासूनच होती, ताई. जे आधीपासून आहे त्याचे पैसे कुणी कशाला देईल? मोकळ्या जमिनीवर नवं झाड उभं राहिलं, तरच ते आम्हाला आमच्या खात्यात धरता येतं. नाहीतर विकत घेणारा म्हणतो, हे तर तुमच्याशिवायही उभंच होतं."

"म्हणजे जंगल करायला आधी जंगल नको."

तो थोडा अवघडला. "असं नाही. आम्ही कुणालाही झाडं तोडायला सांगत नाही. ते आमच्या नियमात बसतच नाही. आम्ही फक्त मोकळी शेतजमीन घेतो, एवढंच मालकांना सांगतो. हणमंतरावांनी सातबारा दाखवला, त्यावर ती शेतजमीनच होती, आणि झाडं थोडी होती असं ते म्हणाले."

"तुम्ही वर जाऊन बघितली नाहीत?"

"पुढच्या महिन्यात बघणार आहोत. पाहणीची तारीख तीच आहे."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पुढच्या महिन्यात पाहणी, म्हणून या महिन्यात करवत. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यांना सगळं समजलं होतं.

मी नाचणीचं विचारलं. माळावर नाचणी पिकत होती, ती का नको? साठ्ये म्हणाला, की नाचणी वर्षाच्या आत कापली जाते, माणसं ती खातात, मग धरलेला धूर पुन्हा सुटतो. त्यामुळे हिशेबात तिची किंमत शून्य धरतात.

"आणि धोंडूबाईची?"

"कोण धोंडूबाई?"

मी सांगितलं. त्यानं फोनमध्ये काहीतरी उघडून बघितलं आणि म्हणाला, की हणमंतरावांनी भरून दिलेल्या माहितीत त्या जमिनीवर कुणी राहत नाही. मी म्हटलं, चला, मी दाखवते, खोपटात माणूस आहे, दोन म्हशी आहेत. त्यानं घड्याळ बघितलं. त्याला अंधार पडायच्या आत घाट उतरायचा होता. जाताना त्यानं खिशातून एक लहान बाटली काढली, तळहातावर थेंब घेऊन हात चोळले आणि मग मला नमस्कार केला. मातीत हात घातले होते ना त्यानं.

मी त्याच दिवशी गटाच्या बायकांना जमवलं आणि म्हटलं, की ही रोपं कंपनीला द्यायची नाहीत. मग सुंद्रा झिमरे बोलली. ती विधवा, पदरात शाळेत जाणाऱ्या पोरी. ती म्हणाली, "मालनताई, झाडं तर तुटली. रोपं दिली न्हाईत तर ती परत उगवणार हायत का? आम्ही वर्षभर राबलोय. तू न्हाई दिलीस तर ते दुसरीकडनं आणतील."

तिचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. मी एकटी असते तर रोपं ओढ्याकाठी लावून टाकली असती, पण रोपं एकटीची नव्हती. मी म्हटलं, द्या. माझ्या वाटणीचे पैसे मला नकोत.

चैत्रात जेसीबी आला. उरलेले बुंधे काही उकरले, काही जागच्या जागी जाळले आणि त्यावर माती ओढली. माळ असा दिसायला लागला की जणू त्याच्यावर कधीच काही नव्हतं. मग साठ्ये आणि आणखी दोघं येऊन पाहणी करून गेले. त्यांनी मोकळ्या माळाचे फोटो काढले. धोंडूबाई त्याच्या आधीच गेली होती. भावजींनी दोन गडी पाठवून तिचं खोपट उतरवून दिलं, वासे तिच्या नव्या जागेपर्यंत वाहूनही दिले. ते गावात सगळ्यांना सांगत होते, की मी म्हातारीला वाऱ्यावर सोडलेलं नाही. नवी जागा म्हणजे माळाच्याही वर, सरकारी जंगलाच्या कडेचं एक उघडं टेपाड. तिथं ना पाणी, ना कुणाचा शब्द.

आषाढात लागवडीचा कार्यक्रम ठरला. कंपनीला पैसे देणारी माणसं परदेशातून येणार होती. भावजींनी मांडव घातला, गावजेवण ठेवलं. पाहुण्यांना इथलं खाणं हवं म्हणून नाचणीच्या भाकरी करायचं ठरलं, तेव्हा कुणाच्याच घरात पुरेशी नाचणी नव्हती. अक्कानं तालुक्याच्या दुकानातून पुड्यातलं पीठ मागवलं. ते मळताना, झाडं तुटल्यापासून ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "मालन, हे पीठ कुठलं असंल गं?" मी म्हटलं, कुणास ठाऊक. ती म्हणाली, "कुणीतरी कुणाच्या तरी माळावर केलीच असंल की." एवढंच. आणि ती पुन्हा पीठ मळायला लागली.

साठ्येनं मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. रोपवाटिका चालवणाऱ्या बायकांच्या वतीनं. काय बोलायचं तेही त्यानं सुचवलं, की या कामामुळे आयुष्य कसं बदललं ते सांगा, ताई. मी हो म्हटलं. मनात मी ठरवलं होतं, की सगळं बोलायचं. विकत घेणाऱ्याला तरी कळलं पाहिजे, की तो काय विकत घेतोय.

पाहुणे दोघं होते. एक उंच, लाल पडलेला म्हातारा आणि एक पन्नाशीची बाई, केस कापलेली, पायात गुडघ्यापर्यंत बूट. बाईचा चेहरा चांगला होता. ती गटातल्या प्रत्येकीचे हात हातात घेत होती. धोंडूबाईही खाली आली होती, जेवणासाठी म्हणून. ती मांडवाच्या बाहेर घोंगडी पांघरून बसली होती.

मी उभी राहिले. आवाज नीट निघाला. मी म्हटलं, "या माळावर आधी जंगल होतं. जांभळं होती, हिरडे होते, माझ्या सासऱ्याच्या आधीपासून. नवं जंगल करायचं म्हणून ती झाडं फाल्गुनात तोडली. ती बाहेर बसलीय ती धोंडूबाई. तिनं ती राखली होती. ती इथं नाचणी करायची. तिला इथून उठवलं. तुम्ही ज्याचे पैसे देताय, ते इथं आधीच होतं. तुमचे पैसे आले म्हणून ते गेलं."

आमची सगळी माणसं खाली बघत होती. भावजींचा पान चघळणारा जबडा हलायचा थांबला होता. मी साठ्येकडे बघितलं. तो माझ्याकडे बघून हसला, मान हलवली, आणि पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत बोलायला लागला. बराच वेळ बोलला. हात पसरून त्यानं माळ दाखवला, मला दाखवलं, धोंडूबाईला दाखवलं.

त्याचं बोलणं संपलं आणि दोन्ही पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती उठून माझ्याकडे आली आणि तिनं मला मिठी मारली. मग भावजींनी टाळ्या वाजवल्या. आणि मग मांडवातल्या सगळ्यांनी, ज्यांना माझा शब्दन् शब्द समजला होता त्यांनीसुद्धा, टाळ्या वाजवल्या. सुंद्रानंही. मला त्या परक्या बाईच्या अंगाच्या साबणाचा वास येत होता.

नंतर लागवड. प्रत्येक पाहुण्याला एक रोप आणि मदतीला गटातली एक बाई. साठ्येनं त्या पाहुण्या बाईला माझ्याकडेच पाठवलं, फोटो चांगला येईल म्हणून. खड्डे आधीच काढून ठेवले होते. तिच्या वाट्याचा खड्डा उथळ होता, म्हणून मी कुदळीनं आणखी खोल करायला लागले. दोनतीन घावांत कुदळ कशात तरी रुतली. मी माती बाजूला केली. खाली मांडीएवढं मूळ होतं. कुदळीनं त्याची साल सोलली गेली होती आणि आतलं लाकूड ओलं, लालसर दिसत होतं. जांभळाचंच. वरचं झाड जाऊन चार महिने होत आले, पण खालून त्याला अजून पाणी चढत होतं.

मी त्या बाईचा हात धरून तिला खाली बसवलं आणि मूळ दाखवलं. मला इंग्रजी येत नव्हतं. मी मुळावर हात ठेवला, मग दोन्ही हातांनी केवढं झाड होतं ते दाखवलं, आणि मग कापल्याची खूण केली. मग बोटानं आजूबाजूच्या जागा दाखवल्या, जिथं जिथं मातीचे उंचवटे होते तिथं. इथं, इथं, तिथं. खुणा समजायला भाषा लागत नाही.

तिनं मुळाला हात लावला. बोटाला लागलेला ओला रस तिनं अंगठ्यानं चोळून बघितला. मग ती हळूच उठली आणि सबंध माळावर नजर फिरवली. ते उंचवटे तिनं एकेक करून बघितले. तिचं तोंड उतरलं. तिला कळलं. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मला वाटलं, झालं. आता ती साठ्येला हाक मारेल, त्या म्हाताऱ्याला हाक मारेल.

साठ्ये थोड्या अंतरावर कॅमेरावाल्याला काहीतरी सांगत होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ती पुन्हा खाली बसली. तिनं माझ्या हातातून रोप घेतलं, पिशवी फाडली, ते मुळाच्या शेजारी ठेवलं, आणि दोन्ही हातांनी माती ओढून ते मूळ बुजवलं. नीट, तळव्यांनी थापून थापून बुजवलं, कुठं काही दिसू नये असं. मग तोंडावर हसू आणून ती कॅमेऱ्याकडे वळली. तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

मला आजवर माणसांचा राग पुष्कळदा आला आहे. भावजींचा आला, साठ्येचा आला, टाळ्या वाजवणाऱ्यांचाही आला. पण राग वेगळा. त्यांना हवं होतं ते त्यांनी घेतलं, किंवा घाबरून गप्प बसले. या बाईला आमचं काही नको होतं. तिला फक्त घरी जाऊन चांगलं वाटायला हवं होतं. त्या थापणाऱ्या हातांची शिसारी मला आली ती कधी गेली नाही. मी तिचा हात खांद्यावरून काढला आणि जेवायला न थांबता खाली उतरले.

पंधरा दिवसांत भावजींनी विहिरीला कुलूप लावलं. रोपवाटिका बंद पडली. सुंद्रा आणि आणखी दोघी कंपनीकडे रोजानं लागल्या, माळावरचं गवत काढायला. त्यांच्याशी माझं भांडण नाही. मी भावाकडून थोडी मदत घेऊन तालुक्याला शिलाईचं दुकान टाकलं आणि तिथंच खोली घेतली. भावजींचा पुढं कुठल्याशा संस्थेतर्फे हरित शेतकरी म्हणून सत्कार झाला, पेपरात फोटो आला. माळावरची निम्मी रोपं दुसऱ्या उन्हाळ्यातच वाळली. त्यांच्या जागी कंपनीनं बाहेरून ट्रकनं आणून ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या, त्या लवकर वाढतात म्हणून. त्यांच्याखाली गवतही येत नाही.

धोंडूबाईचा निरोप मला त्याच्या पुढल्या पावसाळ्यात आला. तिला वनखात्यानं धरलं होतं. तिनं वरच्या टेपाडालगतची सरकारी जंगलातली झाडं तोडून, जाळून, तिथं नाचणी पेरली होती. जामीन राहायला गावातून कुणी येईना. मी गेले.

वनखात्याचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी म्हातारीला बसायला खुर्ची दिली होती, पण ती भिंतीला टेकून जमिनीवरच बसली होती. साहेबांनी विचारलं, "आजी, या वयात जंगल कशाला तोडलंत?"

धोंडूबाई म्हणाली, "खाली झाडं लावली, म्हणून वर तोडायला लागली."

साहेबांना त्याचा अर्थ लागला नाही. मी तो समजावून सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांनी समोरचा जामिनाचा कागद माझ्यापुढं सरकवला आणि सही कुठं करायची ते दाखवलं. मग ते धोंडूबाईकडे वळून मायेनंच म्हणाले, की जंगल तोडून कुणाचं भलं होत नाही, झाडं जगवायला शिकलं पाहिजे. "तुमच्याच गावचे हणमंतराव चाळके बघा. स्वतःची चांगली जमीन त्यांनी जंगलाला दिली. त्यांच्याकडून काहीतरी शिका."

मी सही केली. बाहेर पायरीवर आले, आणि तोंडात आंबट पाणी आलं ते तिथंच गटारात थुंकले. आत धोंडूबाई अंगठा उठवत होती. ती बाहेर आली, काळं झालेलं बोट लुगड्याला पुसलं, आणि मला म्हणाली, "चल गं लवकर. नाचणी वीतभर आलीय. तिथं कुणी न्हाई, डुकरं शिरतील."

ते पीक साहेबांची माणसं दुसऱ्या दिवशी उपटणार होती. आतल्या कारकुनानं मला तसं हळूच सांगितलं होतं. मी तिला सांगितलं नाही. आम्ही स्टँडकडे चालायला लागलो, आणि ती मला सांगत राहिली, की वरची जमीन कशी कोरी आहे आणि यंदा कणसं कशी मूठ भरून येतील.